बसलेला हॉर्न

आधी हॉर्नचा आवाज बसला. सर्दी झाल्यासारखा तो घोगरा झाला, मग नुसता खाकरायला लागला, आणि एका सकाळी पहिल्याच थांब्यावर वहिनीनं बटण दाबलं तर आतून काही निघालंच नाही. पुढच्या दिवशी वळणाचा दिवा लुकलुकायचा थांबला. पेटला की तसाच मिणमिणत राहायचा. मग पुढचा मोठा दिवा पिवळा पडत गेला. आणि आज, चढाच्या अर्ध्यावर, चार भरलेल्या कॅनसकट, गाडीनं तीन उचक्या दिल्या आणि ती गप्प झाली.

वहिनीनं दोन्ही पाय टेकवून गाडी तोलून धरली. मागच्या लोखंडी चौकटीला दोन्ही अंगांनी दोन-दोन कॅन अडकवलेले, त्यांच्यावर ओली पोती बांधलेली. ऐंशी लिटर दूध. सात घरांचं. तोल गेला तर सगळं रस्त्यावर. तिनं किक मारली. पुन्हा मारली. वीस किका झाल्या तेव्हा पोटरी दगडासारखी झाली आणि डोक्याला बांधलेल्या रुमालाखालून घामाची धार डोळ्यात उतरली. ऊन वर आलं होतं. यंदाचं ऊन असं, की सकाळी सात वाजताच डांबर मऊ लागायचं. पोती सुकत चालली होती.

मागून टेंपो आला आणि तिच्या बरोबरीनं हळू झाला. टेंपोवाल्यानं खिडकीतून कोपर बाहेर काढला.

"काय वहिनी, आज पण ढकलगाडी?"

"हो ना. तेवढाच व्यायाम."

"द्या कॅन इकडे. पाच मिनिटांत केंद्रावर."

"नको भाऊ. होईल चालू."

कॅन टेंपोत चढले की फेरी टेंपोची झाली, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. तो हसला, "बघा बुवा," म्हणाला आणि धुरळा मागे ठेवून निघून गेला.

वहिनीनं खांदा लावला. दहा पावलं ढकलायची, चाकामागे दगड सारायचा, श्वास घ्यायचा, दगड उचलायचा, पुन्हा दहा पावलं. असा तो चढ तिनं काढला. पलीकडच्या उतारावर गाडी आपोआप घरंगळली, आणि बंद इंजिनाच्या शांततेत कॅनची झाकणं तेवढी किणकिणत राहिली.

केंद्रावर पोचली तेव्हा साडेआठ व्हायला आले होते. आठला थंड टाकीचं झाकण बंद व्हायचं; उशिरा आलेल्यांची वेगळी रांग लागायची. मास्तर, म्हणजे केंद्राची वही सांभाळणारा माणूस, एकेका कॅनमधून चमचाभर दूध काढून शेगडीवर उकळून बघत होता. तिसऱ्या कॅनचं दूध उकळलं आणि फाटलं.

"हे गेलं," मास्तर म्हणाला.

फाटलेलं दूध ज्याचं त्यानं ओतायचं, असा तिथला नियम. रांगेतल्या सगळ्यांच्या देखत वहिनीनं तो कॅन ओढत गटारापर्यंत नेला आणि उपडा केला. पांढरा लोट तिच्या पावलांवरून गेला. रांगेतले आपापल्या कॅनकडे बघत राहिले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

"वहिनी, मला तुमच्याशी वैर नाही," मास्तर वहीत लिहिता लिहिता म्हणाला. "दादानं आठ वर्षं दूध आणलं, एक थेंब परत गेला नाही. तुमचंही दोन महिने नीट चाललं होतं. पण आता हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा उशीर झाला तर फेरी मी दुसऱ्याला देणार. वरून तसं बजावलंय मला."

"तिसऱ्यांदा होणार नाही."

"गाडीला विचारलंत का?" मास्तर म्हणाला. हे तो चिडवायला म्हणाला नाही, खरंच विचारल्यासारखं म्हणाला.

*

दादा, म्हणजे तिचा नवरा, अडीच महिन्यांपूर्वी त्याच केंद्राच्या ओल्या पायरीवरून भरल्या कॅनसकट घसरला होता. मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून तो खिडकीजवळच्या खाटेवर होता, आणि पायाच्या प्लास्टरपेक्षा त्याला त्या खिडकीचा जास्त त्रास होता, कारण तिच्यातून रस्ता दिसायचा. गाडी लांबून येताना त्याला आवाजावरून सगळं कळायचं.

"आज आवाजच नाही आला गाडीचा," तो म्हणाला. "ढकलत आलीस?"

"उतारानं आले. पुढं एकानं दोरीनं ओढत आणली."

"तरी सांगत होतो, क्लच अर्धा दाबून धरू नकोस. खड्ड्यातून उडवू नकोस. माझ्या हातात होती तोवर आठ वर्षांत कधी रस्त्यात थांबली नाही ती."

वहिनीनं रुमाल सोडला आणि खुंटीला लावला. "बॅटरी बसतेय अहो. क्लचचा काय संबंध?"

"बॅटरी नवीच टाकली ना गेल्या महिन्यात? मग? काहीतरी होतंय म्हणूनच ना!"

काहीतरी होत होतं, हे खरंच होतं. आणि ते गाडी तिच्या हातात आल्यावरच सुरू झालं होतं, हेही खरं होतं.  ती पाणी प्यायली आणि बाहेर आली.

अंगणात सासूबाईंनी चुलीवर मोठं पातेलं चढवलेलं होतं. पाण्याला आधण आलं होतं. म्हातारीचा हा रोजचा नेम. सून आली की चारही कॅन, झाकणं, माप, गाळणं, सगळं कढत पाण्यानं आणि धुण्याच्या सोड्यानं धुवायचं, घासायचं, उन्हात उपडं घालायचं. दुधाला लागलेल्या वस्तूवर दुसऱ्या दिवशी वास राहिला तर तिला जेवण जायचं नाही. ताप असला तरी हे चुकलं नव्हतं. बोटांची टोकं सोड्यानं पांढरी, भेगाळलेली झालेली होती, आणि ती त्यांना कधी तेलही लावायची नाही, कारण तेलाचा हात कॅनला लागला तर?

कॅन झाले की उरलेल्या पाण्याचा नंबर गाडीचा. हे मात्र नवं होतं. दादाच्या हातात गाडी होती तोवर तो आईला जवळ फिरकू द्यायचा नाही. सुनेच्या हातात आल्यावर म्हातारीनं ते आपल्याकडे घेतलं. कॅनमधून थेंब गळतात, चौकटीवर सुकतात, आंबूस वास येतो. बाईमाणूस गाडी घेऊन चार लोकांत जाते. गाडीला वास येतो असं कुणी म्हणता कामा नये. म्हणून सोड्याच्या कढत पाण्याची अर्धी बादली ती रोज चौकटीवर, सीटखाली, चाकांच्या आऱ्यांवर ओतायची आणि गाडी अशी लखलखायची, की केंद्रावरचे लोक म्हणायचे, शोरूममधून आणलीत का?

"किती ओतावं लागलं?" म्हातारीनं मान वर न करता विचारलं.

"एक कॅन."

म्हातारीचा हात क्षणभर थांबला. "माझ्याकडून धुण्यात काही राहिलं का गं?"

"नाही हो आई. उन्हानं फाटलं. उशीर झाला ना."

"मग बरं," ती म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली. पण त्या दिवशी तिनं तो तिसरा कॅन तीनदा धुतला.

*

गॅरेजवाल्यानं किक मारून पाहिली, बॅटरीच्या टोकांना मीटर लावला आणि तोंडातली काडी या गालातून त्या गालात नेली.

"कॉइल जळलीय. इंजिनच्या बाजूचं झाकण उघडावं लागेल. कॉइल मागवायची. चार-पाच दिवस गाडी इथं."

"चार दिवस?" वहिनीनं विचारलं. "आणि दूध?"

"दूध काय करायचं ते दूधवाल्यांनी ठरवायचं. मी गॅरेजवाला."

"बॅटरी बाहेरून भरून मिळेल?"

"मिळेल की. पण गाडी भरत नाहीये ना तिला. जेवढी भराल तेवढीच. तास-दीड तास चालेल, मग राम राम."

तास-दीड तास. वहिनीनं मनात मोजलं. फेरी अडीच तासांची. पण थांब्या-थांब्यावर दूध मोजताना चावी बंद ठेवली, उतारावर इंजिन बंद करून घरंगळलं, दिवा लावलाच नाही, हॉर्न तर तसाही नव्हता, तर? तिनं गॅरेजवाल्याकडून मागच्या ब्रेकच्या दिव्याची तारही काढून घेतली. ब्रेक दाबला की तेवढी वीज जायची, तीही वाचली.

"अहो, तुमच्या जुन्या सायकलची घंटी काढू का?" घरी येऊन तिनं विचारलं.

"कशाला?"

"हॉर्न म्हणून."

दादानं तिच्याकडे पाहिलं. हसावं की रागवावं हे त्याला पटकन ठरवता आलं नाही. "काढ," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "थांब, स्क्रू गंजलेला असेल. इकडे आण, मी सोडवून देतो." आणि खाटेवर बसल्या बसल्या त्यानं अर्धा तास खपून ती घंटी सोडवली, फडक्यानं पुसली, वाजवून पाहिली.

त्यानंतरचे नऊ दिवस वहिनीनं बॅटरी अशी वापरली, जशी दुष्काळात घागर वापरतात. संध्याकाळी बॅटरी काढायची, गॅरेजला न्यायची, सकाळी झुंजुमुंजू होता होता परत बसवायची. निघण्यापूर्वी ती गाडीच्या टाकीवर हात ठेवायची आणि डोळे मिटायची. मोठं काही मागायची नाही. एवढंच, की आजचा दिवस. दिव्याविना निघायचं म्हणून वाट नीट दिसेपर्यंत थांबायचं, आणि तो थांबलेला पाऊण तास पुढं घाईनं भरून काढायचा.  रात्री पाठ टेकली की डाव्या खांद्यातून कळ निघायची, गाडी ढकलल्याची खूण.

पण दूध वेळेत जात होतं. सात पंचावन्न. सात एकावन्न. एकदा सात एकोणसाठ. घंटी वाजली की बायका किटल्या घेऊन दारात यायच्या. "वहिनी, आइस्क्रीम आहे का हो?" म्हणून हसायच्या. तीही हसायची. हसताना एक डोळा रस्त्याकडे, कारण टेंपोवाला हल्ली तिच्या मागून रोज रिकामा टेंपो घेऊन यायचा. काही बोलायचा नाही. नुसता यायचा. झाडावर पिकत आलेल्या फळाकडे माणूस रोज एकदा बघून जातो, तसा.

*

दहाव्या दिवशी गाडी चौथ्या थांब्यावरच गेली.

चौथा थांबा म्हणजे तारकाकांचं घर. म्हातारा एकटा, एक गाय, आणि धंदा पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरायचा. ओसरीवर सगळीकडे तांब्याच्या तारांची वेटोळी. जाड चष्मा घालून ते सकाळपासून तार गुंडाळत बसायचे, आणि दूध मोजून देताना सुद्धा डोळे तारेवर असायचे. वहिनी रोज त्यांच्या दारात यायची आणि जायची. तार म्हणजे पंपाची, हे डोक्यात इतकं पक्कं, की गाडीबद्दल त्यांना विचारावं हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

दूध घेतलं, किक मारली. इंजिन पकडलं, उचकी दिली, मेलं. पुन्हा मारली. मेलं. नऊ दिवस रोज उपाशी ठेवून थोडंसं खाऊ घातलेली बॅटरी शेवटी आटली होती. सात वाजून पाच मिनिटं झाली होती. तीन घरं राहिली होती.

टेंपो अंगणाच्या तोंडाशी येऊन थांबला. टेंपोवाला उतरला.

"वहिनी, आता हट्ट करू नका," तो म्हणाला. या वेळी आवाजात चेष्टा नव्हती. "लोकांचं दूध आहे. माझ्यात टाका."

खरं होतं ते. दूध तिचं नव्हतंच. सात घरांचं होतं, आणि पोती सुकत होती. 

"दहा मिनिटं द्या मला भाऊ," ती म्हणाली. "दहा मिनिटांत चालू झाली नाही तर मीच कॅन उचलून तुमच्या टेंपोत ठेवते."

टेंपोवाल्यानं घड्याळ पाहिलं आणि ओसरीच्या पायरीवर बसला.

"झालंय काय हिला?" तारकाकांनी पहिल्यांदा मान वर केली. "आधी ही हॉर्न वाजवत यायची. हल्ली घंटी ऐकून सायकल आली असं वाटतं, म्हणून मी किटली घेऊन उशिरा उठतो."

"कॉइल जळलीय काका."

"कुणी पाहिली?"

"गॅरेजवाला म्हणाला."

"म्हणाला. पाहिली का?"

"उघडून नाही पाहिली."

म्हातारा उठला. गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, पण उठला. ओसरीवरून त्यानं एक लहान बल्ब आणला, दोन तारा लोंबत असलेला. गाडीच्या अंगाचं झाकण काढलं, इंजिनातून वर येणाऱ्या तीन तारा बोटांनी चाचपत शोधल्या, त्यांतल्या दोहोंना नेमकं टोचून बल्बच्या तारा लावल्या.

"मार किक."

वहिनीनं मारली. बल्ब लखकन चमकला आणि विझला.

"आता या दोन. मार."

पुन्हा लखकन.

"आता या. मार."

तिसऱ्यांदाही तेवढाच उजेड. पायरीवर बसलेला टेंपोवाला नकळत उठून जवळ आला.

"कॉइल ठणठणीत आहे," तारकाका म्हणाले. "वीज तयार होतेय. पोचत नाहीये. विहिरीला पाणी आहे, पण पाइप मध्येच फुटलाय." आणि तारांवरून बोट सरकवत ते सीटखाली गेले. तिथं तारांची जोडणी होती, अंगठ्याएवढी, पांढऱ्या प्लास्टिकची. म्हणजे मुळात पांढरी असावी. आता तिच्यावर खडूसारखे पापुद्रे चढले होते, आतून हिरवट फेस, आणि एका बाजूला जळून कोळसा. ओढली तर हातात तुकडाच आला.

म्हाताऱ्यानं तो उजेडात धरला. नखानं पांढरा पापुद्रा खरवडला, जिभेच्या टोकाला लावला आणि थू करून थुंकला.

"हा पावसापाण्याचा गंज नाही. सोडा आहे हा. धुण्याचा. गाडी धुता कशानं?"

 "मी नाही धूत. आई धुतात. रोज. कॅन झाले की... कढत पाणी आणि सोडा."

"गाडी?"

"हो."

टेंपोवाल्याला हसू फुटलं. "म्हणजे गाडीपण कॅनच समजल्या की काय! बरं झालं, उन्हात उपडी नाही घातली!"

तारकाकांच्या मिशाही हलल्या. वहिनीचे कान तापले. पण ती हसली नाही.

"आमच्याकडे दुधाला लागलेलं सगळं असंच धुतात," ती म्हणाली. आवाज हळूच होता, पण पुरेसा होता. "म्हणूनच वास आल्यामुळे दूध परत गेलं, असं आमच्याकडे आजवर कधी झालं नाही."

टेंपोवाल्यानं हसू आवरलं. तारकाकांनी चष्मा सारखा केला.

"ते खरं आहे," ते म्हणाले. "धर ही तार. घट्ट धर."

कुजलेली जोडणी त्यांनी कापून काढली. दोन्हीकडच्या तारा दातांनीच सोलल्या, आतला तांबूस भाग खरवडून चकचकीत केला, एकीला एक पिळून जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली. सगळं आयुष्य तार पिळण्यात गेलेले ते हात. बघणाऱ्याला वाटावं, वेणी घालताहेत. मग ओसरीच्या कोपऱ्यातून त्यांनी पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप ओढून आणला.

"याच्यात बॅटरी असते. तुझ्या बॅटरीला हिचा घोटभर पाजू. एकदा इंजिन पकडलं की पुढं तिचं ती भरून घेईल. मार."

वहिनीनं टाकीवर हात ठेवला. डोळे मिटले, उघडले. मारली.

इंजिन पकडलं.

तारकाकांनी पंपाच्या तारा काढून घेतल्या. इंजिन चालूच राहिलं. उचकी नाही, खोकला नाही. वहिनी कान देऊन ऐकत राहिली. एखाद्याचा ताप उतरल्यावर श्वास ऐकतात, तशी.

"दिवा लाव," तारकाका म्हणाले. "दिवसा असू दे. लावूनच जा. पिवळा पडला तर माघारी ये. पांढरा राहिला तर उद्या येऊन जोड पक्का करून घे. आणि सासूला सांग, कॅनला सोडा, गाडीला फडकं."

ती पाया पडायला वाकली तर ते मागे सरले. "वेळ जातोय पोरी. नीघ."

अंगणाच्या तोंडाशी टेंपो आडवा होता. टेंपोवाला खाली उभाच होता.

"दहा मिनिटं म्हणाला होतात," तो म्हणाला. "चौदा झाली."

 वहिनीनं शब्द दिला होता.

त्यानं मान खाजवली. "चालू तर दहाच्या आतबाहेरच झाली म्हणा," तो म्हणाला, टेंपोत चढला आणि टेंपो मागे घेतला.

*

पाचवं घर, सहावं, सातवं. हॉर्न आता वाजला असता, पण तिला त्याची आठवण राहिली नाही. हात आपोआप घंटीवरच जायचा. दर वळणावर ती वाकून पुढं बघायची. उन्हात दिवा दिसत नव्हता, पण सातव्या घराच्या सावलीतल्या भिंतीवर त्याचा डाग पडला. पांढरा. चुन्यासारखा पांढरा.

केंद्राच्या फाटकात शिरली तेव्हा मास्तर टाकीच्या झाकणाला हात लावून उभा होता. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि हात काढला.

"सात अठ्ठावन्न," त्यानं वहीत लिहिलं. एकेक दूध उकळून बघितलं. चारही कॅनचं दूध गुळगुळीत, साय धरणारं. "दिवा कशाला लावलाय दिवसा?"

"पेटतोय म्हणून," वहिनी म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडला.  ती त्याच ओल्या पायरीच्या कडेला बसली आणि बराच वेळ उठली नाही.

*

जोडणीचा तो कुजका तुकडा तिच्या खिशात होता. का उचलला, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. घरी येताना वाटभर तिच्या मनात तोच. दादाला दाखवला तर तिच्यावरचा ठपका जातो. क्लच नाही, खड्डे नाहीत, बाईचा हात नाही. पण म्हातारीला कळलं तर? सोड्यानं फुटलेल्या त्या बोटांना कोणत्या तोंडानं सांगायचं, की तुमच्या या कष्टांनीच मला चढावर गाडी ढकलायला लावली?

नाही सांगायचं, असं तिनं शेवटच्या वळणावर ठरवलं. जोड सुटला होता म्हणायचं.

अंगणात शिरताना तिनं हॉर्न दाबला. खिडकीत दादा कोपरावर उठला.

"अगं! वाजला?"

"वाजला. जोड सुटला होता एक. तारकाकांनी बसवला."

"बघ, मी म्हणत होतो," दादा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता, पण सवय सुटत नव्हती. "खड्ड्यातून उडवलं की जोड सुटणारच."

 वहिनीनं कॅन उतरवून चुलीजवळ ठेवले. म्हातारीनं ते धुतले, उपडे घातले, आणि उरलेली बादली उचलून गाडीकडे निघाली. वहिनी आडवी आली.

"आई, गाडीला आजपासून नको पाणी. मी फडक्यानं पुसते."

"का? वास येईल."

"नाही येत. राहू द्या."

"अगं पण का?"

म्हातारी बादली खाली ठेवेना. वहिनीनं ती घ्यायला हात पुढं केला, आणि वाकताना खिशातला तुकडा अंगणात पडला. म्हातारीनं तो उचलला. पांढऱ्या पापुद्र्यावरून अंगठा फिरवला. तिला चष्मा लागत नव्हता. हा पापुद्रा तिच्या ओळखीचा होता. चुलीच्या काठावर, बादलीच्या कडीवर, तिच्या स्वतःच्या नखांच्या मुळाशी तोच होता.

"सोडा का हा?"

वहिनी खोटं बोलू शकली असती. "हो," ती म्हणाली.

"यानं बंद पडत होती?"

"हो आई."

म्हातारी बादली ठेवून जोत्यावर बसली. बराच वेळ तिनं तो तुकडा या हातातून त्या हातात केला. वहिनीला वाटलं, आता रडतील. पण म्हातारी रडली नाही. ती उठली आणि तशीच आत गेली, खिडकीजवळच्या खाटेपाशी.

"हे बघ," तिनं तुकडा मुलाच्या हातावर ठेवला. "तुझ्या बायकोच्या हाताला रोज नावं ठेवत होतास ना? तिचा हात चांगला आहे. मी धुवायची सोड्यानं. तुझी गाडी मी आजारी पाडली, आणि ती एवढं होऊन मला एक शब्द बोलली नाही. आता काय बोलायचं ते मला बोल."

दादा त्या तुकड्याकडे बघत राहिला. मग दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे. 

"आई," तो शेवटी म्हणाला, "उरलेला सोडा माझ्या प्लास्टरवर नको ओतूस म्हणजे झालं."

म्हातारीला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली. वहिनीनं तोंड फिरवलं. हसताना डोळे भरून आले होते, ते कुणाला दिसू नयेत म्हणून.

"आणि ऐक," दादा तिला म्हणाला. "आठ वर्षांत मी हा चढ एकदाही ढकलून काढला नव्हता. मला जमलं नसतं."

*

दुसऱ्या दिवशी वहिनी पुन्हा पूर्वीच्या वेळेला निघाली, उजाडण्याची वाट न बघता. म्हातारी आधीच उठून अंगणात उभी होती, हातात कोरडं फडकं. तिनं सीट पुसली, आरसा पुसला, घंटीही पुसली.

"ही काढायची ना आता?"

"राहू द्या. बायकांना सवय झालीय."

वहिनीनं टाकीवर हात ठेवला, डोळे मिटले. आज काय मागावं ते तिला सुचेना. तशीच ती बसली आणि किक मारली. दिव्याचा झोत समोरच्या अंधारात लांबपर्यंत गेला; पार वळणावरचं झाड दिसलं.

"तो पण वाजव बघू एकदा," म्हातारी म्हणाली.

"आई, लोक झोपलेत."

"वाजव गं."

वहिनीनं बटण दाबलं. हॉर्न असा खणखणीत वाजला, की म्हातारी दोन पावलं मागे सरली आणि शेजारच्या गोठ्यातली म्हैस हंबरली.

"अगं, सगळ्यांना उठवतेस का?" खिडकीतून दादाचा झोपाळू आवाज आला.

"उठू दे," म्हातारी म्हणाली. "दूध निघालंय."